प्रायमरीची मतपत्रिका: निकाल मांडणीतच लागतो का?

रारीटनकाठी:
निवडणुकीचे धागे इथे रोज निघतात. कोण काय बोललं, कुणाचे आकडे वर गेले, कुणी कुणाला पैसे दिले, सगळं होतं. ज्या कागदावर मत पडतं त्याबद्दल मात्र कुणी चार ओळी खरडलेल्या दिसल्या नाहीत, म्हणून हा धागा.

मी न्यू जर्सीत छपाईच्या धंद्यात आहे, प्रीप्रेसला. फाइल आल्यापासून प्लेट निघेपर्यंत जे चुकेल ते माझ्या डोक्यावर. मतपत्रिका हे आमचं हंगामी काम. कुठल्या काउंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं) ते विचारू नका, सांगणार नाही.

नवख्यांसाठी थोडक्यात: पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे ठरवणारी निवडणूक म्हणजे प्रायमरी. आपल्याकडे तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं आणि शेवटच्या दिवशी ए-बी फॉर्म हातात पडतो. इथे मतदार ठरवतात, तेही सरकारी खर्चाने आणि सरकारी यंत्रणेमार्फत. न्यू जर्सीत ती जूनमध्ये असते. डेमोक्रॅटांची पत्रिका वेगळी, रिपब्लिकनांची वेगळी. ज्याने कुठलाच पक्ष नोंदवलेला नाही तो केंद्रावर आयत्या वेळी एक पक्ष सांगून त्याची पत्रिका घेऊ शकतो.

लोकांना वाटतं नोव्हेंबरचं काम मोठं. आम्ही धसका घेतो तो जूनचा. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेस (इथल्या संसदेचं खालचं सभागृह), काउंटी, गाव ही पदं तर असतातच, पण पक्षाच्या काउंटी समितीचे सदस्यही प्रायमरीतच निवडले जातात, आणि ते एकेका मतदान विभागातून. म्हणजे रस्त्याच्या या बाजूच्या पत्रिकेत शेवटची दोन नावं एक, समोरच्या बाजूला दुसरीच. याला गुणा दोन पक्ष. ज्या विभागात दहा टक्के किंवा जास्त नोंदणीकृत मतदारांची मुख्य भाषा स्पॅनिश आहे तिथे पत्रिका द्विभाषी. टपाली, केंद्रावरच्या, नमुना पत्रिका या पुन्हा वेगळ्या. हे सगळं एका गठ्ठ्यात येतं आणि प्रत्येक जातीचा वेगळा प्रूफ निघतो.

छपाईतही खोड्या असतात. कडेला जे काळे ठोकळे दिसतात ते नक्षी म्हणून नसतात. स्कॅनर त्यांच्यावरून नावापुढचा, मत द्यायला भरायचा लंबगोल कुठे आहे ते मोजतो. ठोकळे जरा सरकले की वाचन सरकतं. टपाली पत्रिकेची घडी लंबगोलावरून जाता कामा नये, कारण घडीची रेघ यंत्राला खूण वाटू शकते. पाठपोट छपाई असेल तर एका बाजूचा लंबगोल दुसऱ्या बाजूच्या लंबगोलाच्या पाठीमागे येऊ द्यायचा नाही, शाई झिरपते. मतदार शार्पी पेनने खुणा करतात ना, त्याची धास्ती आमच्या पोटात असते.

पण हे झालं कारागिराचं रडगाणं. खरा मुद्दा वेगळा आहे. न्यू जर्सीत अगदी परवापर्यंत 'लाइन' नावाचा प्रकार होता. २१ पैकी १९ काउंट्यांत, सेलम आणि ससेक्स सोडून. काउंटीतली पक्षसंघटना ज्यांना पाठिंबा देईल ते सगळे उमेदवार, वर राष्ट्राध्यक्षापासून खाली गावच्या कौन्सिलपर्यंत, एकाच सरळ रकान्यात किंवा ओळीत. वर संघटनेचं घोषवाक्य. ज्याला पाठिंबा नाही तो बाजूला, कधी दोन-तीन रिकामे रकाने सोडून पार कडेला, कधी दुसऱ्याच कुणा अनोळखी उमेदवाराच्या खाली. त्या कोपऱ्याला इथे 'बॅलट सायबेरिया' म्हणत.

पत्रिका मी स्वतः लावलेल्या आहेत, म्हणून सांगतो. नजर आपोआप भरलेल्या रकान्यावर जाते. एकटं पडलेलं नाव चुकून राहिलेल्या प्रूफसारखं दिसतं. मतदाराला वाटतं, हा कोण उपटसुंभ?

तुमचं काय मत? मांडणीने निकाल फिरतो का?

नुसता_वाचक:
वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खडूफळा:
उत्तम विषय. माझी शंका बाळबोध आहे. पत्रिका सरकारी, मग पक्षाने पाठिंबा दिलेले उमेदवार एका ओळीत छापायला कायद्याने परवानगी कशी? आमच्या वेळी नागरिकशास्त्रात निवडणूक यंत्रणा निःपक्षपाती असते असं शिकवायचो.

रारीटनकाठी:
सर, पत्रिका बनवण्याचं काम इथे काउंटी क्लर्कचं. तोही पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला. कायद्यात शब्द होता तो 'ब्रॅकेटिंग'चा. वेगवेगळ्या पदांचे उमेदवार एकत्र अर्ज करून सांगू शकत की आम्हाला एकाच रकान्यात ठेवा, वर सहा शब्दांपर्यंतचं घोषवाक्य लावा. कागदोपत्री ही सोय सगळ्यांना होती. प्रत्यक्षात वरपासून खालपर्यंत सगळ्या पदांना माणसं उभी करण्याची ताकद फक्त संघटनेकडे.

मग सोडत. नावं कॅप्सूलमध्ये घालून डब्यातून काढायची. ऐकायला अगदी सोवळं वाटतं, पण सोडत आधी वरच्या पदाची. सिनेटच्या किंवा गव्हर्नरच्या उमेदवाराशी जोडलेला गट असेल तर त्याला पुढचे रकाने, एकट्याला उरलेले. म्हणजे काँग्रेससाठी एकटा उभा असलेला माणूस पहिल्या रकान्याच्या सोडतीत मुळात नसायचाच. डबा प्रामाणिक, पण चिठ्ठी आत टाकलीच नाही तर डबा काय करणार?

रटगर्स विद्यापीठाच्या ज्युलिया सास रुबिन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. एकच उमेदवार एका काउंटीत लाइनवर आणि शेजारच्या काउंटीत लाइनबाहेर असेल तर त्याच्या मतांत किती फरक पडतो, असा त्यांचा हिशोब. काँग्रेसच्या लढतींत हा फरक सरासरी तीसपेक्षा जास्त टक्के-बिंदूंचा निघाला.

हडसनपलीकडे:
थांबा, इतकं काळंपांढरं नाहीये हे. मी इथल्या स्थानिक पक्षसमितीत बरीच वर्षं आहे (पक्ष कुठला ते सोडा), म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एक म्हणजे हा फरक सगळा छपाईचा नाही. संघटनेने पाठिंबा दिला की कार्यकर्ते येतात, फोन होतात, दारोदार जाणं होतं, पत्रकं जातात. ज्या काउंटीत पाठिंबा तिथे हे सगळंच मिळतं. त्यातला कागदाचा वाटा किती ते वेगळं काढणं अवघड.

दुसरं, प्रायमरी ही पक्षाची आहे. आमचा उमेदवार कोण हे सांगायचा हक्क पक्षाला नको का? १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा एक कायदा याच मुद्द्यावर रद्द केला. प्रायमरीत पक्षसंघटनांनी कुणाला पाठिंबा द्यायचा नाही असं तो कायदा म्हणत होता.

तिसरं, लाइन गेली म्हणजे लोकशाही आली असं नाही. पैसा आला. २०२५ ची गव्हर्नरची प्रायमरी न्यू जर्सीच्या इतिहासातली सर्वांत महागडी ठरली. पूर्वी होतकरू माणूस तालुक्याच्या पुढाऱ्याला पटवून वर यायचा, आता देणगीदाराला पटवावं लागतं. काय सुधारलं?

रारीटनकाठी:
पाठिंबा द्या ना, कोण अडवतंय! पत्रकं छापा, आमच्याकडेच छापा, सूट देतो. प्रश्न पाठिंब्याचा नाही, तो सरकारी कागदावर सरकारी शाईने उमटवायचा की नाही याचा आहे. तुमचा १९८९ चा निकाल बोलण्याच्या हक्काचा आहे. पत्रिकेवरची जागा बळकावण्याचा नाही.

पहिला मुद्दा मान्य. मेहनतीचा वाटा असणारच.

मोहरी_फोडणी:
मला २०२४ चं नीट आठवत नाहीये. कोर्टात गेलं होतं ना? अँडी किम? कुणीतरी क्रमाने सांगा, आम्ही तेव्हा भारतात होतो.

रारीटनकाठी:
सांगतो, कारण ते दिवस आम्ही अक्षरशः जगलोय.

२०२४ ला सिनेटची जागा होती. डेमोक्रॅटिक प्रायमरीत गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी आणि काँग्रेसमन अँडी किम. मोठ्या काउंट्यांतल्या संघटनांचा ओढा कुणाकडे असणार ते सांगायला नको. २६ फेब्रुवारीला किम आणि आणखी दोन उमेदवार, सारा शोनगुड आणि कॅरोलिन रश, केंद्रीय न्यायालयात गेले. लाइन घटनाबाह्य आहे, याच प्रायमरीपासून बंद करा, अशी मागणी. याआधी २०२० मध्ये क्रिस्टीन कॉनफोर्टी वगैरेंनी असाच दावा टाकला होता, तो रेंगाळत होता.

१८ मार्चला ट्रेंटनला सुनावणी. त्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या ॲटर्नी जनरलनेच कळवलं की हा कायदा घटनाबाह्य आहे, मी त्याचा बचाव करणार नाही. क्लर्क लोकांचा बचाव कायद्याचा कमी आणि वेळेचा जास्त होता: एवढ्या उशिरा नवी मांडणी करता येणार नाही, यंत्रं तशी नाहीत, गोंधळ होईल. प्रिन्स्टनचे संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू अपेल यांनी साक्ष दिली की यंत्रं ही मांडणी सहज पेलतात. त्यावर माझंही तेच मत. इतर सगळी राज्यं पदवार पत्रिका छापतात, त्यांची यंत्रं काही आकाशातून पडलेली नाहीत.

२४ मार्चला टॅमी मर्फी यांनी माघार घेतली. २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, न्यायाधीश झाहिद कुरेशी यांचा अंतरिम आदेश आला: डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन नाही. दुसऱ्या दिवशी खुलासा, की आदेश फक्त डेमोक्रॅटिक पत्रिकांना, रिपब्लिकनांना नाही.

आता आमच्या बाजूने बघा. मतदान ४ जूनला. परदेशातल्या आणि सैन्यातल्या मतदारांना केंद्रीय निवडणुकीची पत्रिका ४५ दिवस आधी रवाना व्हायलाच हवी, २००९ च्या मूव्ह कायद्याने तसं बंधन आहे. म्हणजे २० एप्रिल. टपाली मतदारांचंही तेव्हाच. त्याआधी प्रूफ, क्लर्कची मंजुरी, प्लेट, छपाई, घडी, पाकिटं, यंत्रांची चाचणी. आणि वर अपील चालू! अपिलीय न्यायालयाने आदेश कायम केला तो १७ एप्रिलला, म्हणजे रवानगीला तीन दिवस राहिले असताना. एकाच निवडणुकीत एका पक्षाची पत्रिका नव्या मांडणीची, दुसऱ्याची अनेक ठिकाणी जुनीच. एकाच टेबलावर दोन्ही. कुठला टेम्प्लेट कुठे जातोय ते बघायला प्रत्येक प्रूफवर तिघांच्या सह्या घेत होतो.

झालं सगळं. वेळेत झालं. किम प्रायमरी जिंकले, नोव्हेंबरमध्ये सिनेटरही झाले. पुढे मार्च २०२५ मध्ये गव्हर्नर मर्फी यांनीच लाइन कायमची बंद करणाऱ्या विधेयकावर सही केली, दोन्ही पक्षांसाठी.

मोहरी_फोडणी:
घरातल्या घरात काय संवाद झाला असेल ते ऐकायला आवडेल :)

खडूफळा:
'पदवार मांडणी' म्हणजे नेमकं कसं? जरा डोळ्यांसमोर उभं करा.

रारीटनकाठी:
एकेका पदाची वेगळी चौकट. वर पदाचं नाव, 'एकाला मत द्या' किंवा 'दोघांना मत द्या' ही सूचना, खाली त्या पदाचे सगळे उमेदवार एकाखाली एक. पद संपलं की चौकट संपली. रिकाम्या जागेत कुणी एकटा उभा नाही. घोषवाक्य नावाखाली बारीक अक्षरांत राहतं.

जून २०२५ ला पहिल्यांदा दोन्ही पक्षांच्या पत्रिका अशा निघाल्या. डेमोक्रॅट गव्हर्नरपदाला सहा जण होते: शेरिल, बराका, फुलॉप, गॉटहायमर, स्विनी, स्पिलर. सहाही एका चौकटीत, एका मापाच्या अक्षरांत. मी ती प्लेट जरा वेळ बघत बसलो होतो.

हडसनपलीकडे:
आणि जिंकलं कोण? मिकी शेरिल. ज्यांच्यामागे अनेक काउंटी संघटना होत्या. :)

रारीटनकाठी:
हो. मतं मागून जिंकल्या. हरकत कुणाची आहे?
खालच्या पदांकडे पण बघा की. तुमच्याच हडसन काउंटीत, ३२ व्या मतदारसंघात, होबोकनचे तेव्हाचे महापौर रवी भल्ला आणि केटी ब्रेनन यांनी संघटनेच्या उमेदवारांविरुद्ध विधानसभेची प्रायमरी मारली. लाइन असती तर जमलं असतं का, सांगा.

हडसनपलीकडे:
अवघड गेलं असतं, हे मान्य करतो. पण तेही फुलॉपच्या पॅनेलमधून होते, एकटे नव्हते. पॅनेल गेलं नाही, फक्त कागदावरून उतरलं.

रारीटनकाठी:
मग माझंच म्हणणं झालं ते.

सातारकर_मी:
लेख आवडला. पण अमेरिकेला नावं ठेवताना घरचं बघा की. आपल्याकडे मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात आद्याक्षराने. म्हणजे अपक्ष कायम तळाला. ही लाइनच नाही का?

आणि चिन्हांचं म्हणाल तर २०२४ ला आमच्या साताऱ्यात काय झालं? राष्ट्रवादी शरद पवार गटाचं तुतारी वाजवणारा माणूस, एका अपक्षाला नुसती तुतारी. त्या अपक्षाला ३७ हजार मतं, आणि शशिकांत शिंदे पडले साधारण ३२ हजारांनी. दिंडोरीत तर त्या चिन्हाच्या अपक्षाला लाखावर मतं पडली, वर आडनावही विजयी उमेदवाराचंच. तिथे जागा वाचली, इथे गेली.

रारीटनकाठी:
साताऱ्याचं उदाहरण चपखल. सगळी ३७ हजार चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण मांडणी आणि चिन्हाचा गुंता किती महाग पडू शकतो ते कळतं.

क्रमाबद्दल मात्र मी अर्धाच सहमत. आपला नियम देशभर एकच, कलेक्टरच्या मर्जीवर काही नाही. शिवाय एका पत्रिकेवर एकच पद. लाइनची खरी ताकद वरच्या मोठ्या नावाने खालच्या अनोळखी माणसाला ओढून नेण्यात होती. ते आपल्या यंत्रावर शक्यच नाही.

खडूफळा:
अवांतर: आपल्याकडेही प्रायमरीचा प्रयोग झाला होता. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने राहुल गांधींच्या आग्रहावरून काही मोजक्या मतदारसंघांत अंतर्गत निवडणूक घेऊन उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा त्यात होते. मतदान सामान्य मतदारांचं नव्हतं, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचं होतं. दोन्ही जागा पुढे भाजपकडे गेल्या आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही.

सातारकर_मी:
त्या लाटेत प्रायमरीने काय नि दिल्लीने काय, निकाल तोच लागला असता सर. प्रयोगाला उगाच बोल लागला.

बे_एरियाचा_बंडू:
कॅलिफोर्नियातून हजेरी. आमच्याकडे लाइन नाही, पण आम्ही वेगळ्या पद्धतीने माती खातो.

२०१० च्या प्रपोझिशन १४ (मतदारांनी थेट मंजूर केलेला बदल) नंतर बहुतेक पदांना सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत, त्यातले पहिले दोघे नोव्हेंबरच्या लढतीत. राष्ट्राध्यक्षपद मात्र त्यातून वगळलेलं, तिथे अजून पक्षवार पत्रिका. मग ज्याने पक्ष नोंदवलेला नाही त्याला आधी पोस्टकार्ड येतं: तुम्हाला कुठल्या पक्षाची पत्रिका हवी? २०२४ ला डेमोक्रॅट, लिबर्टेरियन आणि अमेरिकन इंडिपेंडंट यांनी बाहेरच्यांना दार उघडं ठेवलं होतं, रिपब्लिकनांनी बंद. कार्ड टाकायला विसरलात की राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नसलेली पत्रिका घरी येते. मग लोक म्हणतात छपाईत घोटाळा झाला! त्यात 'अमेरिकन इंडिपेंडंट' हा पक्ष आहे हे माहीत नसलेले कितीतरी जण, आपण अपक्ष आहोत असं समजून त्यात नाव घालून बसलेले.

पण सर्वांत भारी किस्सा लॉस एंजेलिस काउंटीचा, ५ फेब्रुवारी २००८. पक्ष नसलेल्या मतदाराने पत्रिका घेतल्यावर उमेदवाराच्या खुणेआधी 'मी या पक्षाच्या प्रायमरीत मत देतोय' अशी आणखी एक खूण करायची होती. आधी पक्ष सांगून पत्रिका घेतलेली, मग परत कशाला सांगायचं? सुमारे पन्नास हजार लोकांनी ती खूण केलीच नाही. आणि यंत्रात डेमोक्रॅट आणि अमेरिकन इंडिपेंडंट यांच्या उमेदवारांना तेच क्रमांक दिलेले! खूण हिलरी क्लिंटनला की भलत्याच कुणाला, यंत्राला कळेना. दुसऱ्या पक्षाची यादी छोटी होती म्हणून पुढच्या क्रमांकांवरच्या खुणा डेमोक्रॅटांच्या धरता आल्या. बाकीच्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

रारीटनकाठी:
हे 'डबल बबल' (दोन लंबगोल भरायचं) प्रकरण आमच्या धंद्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात ऐकवतात. एकच कोड दोन नावांना कधी द्यायचा नाही.

यावरून चाचणीचं सांगतो. छपाई झाली की आधीच खुणा केलेल्या पत्रिकांचा एक गठ्ठा यंत्रातून काढतात. हुशारी अशी की प्रत्येक उमेदवाराला वेगवेगळी मतं द्यायची, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. सगळ्यांना पाच-पाच दिलीत आणि दोन नावांची अदलाबदल झाली असेल, तर निकाल बरोबरच दिसेल आणि चूक झाकली जाईल. साधी युक्ती आहे, पण तीच बऱ्याच जणांना सुचत नाही.

बंडू, तुमच्या राज्यात नावांचा क्रम फिरता असतो ना?

बे_एरियाचा_बंडू:
हो. राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट अक्षरांची सोडत काढतो, म्हणजे त्या निवडणुकीपुरती एबीसीडीच उलटीपालटी. मग राज्यव्यापी पदांसाठी ८० असेंब्ली मतदारसंघांत क्रम एकेक घर पुढे सरकतो. पहिल्या नावाला फुकटची मतं पडतात हे गृहीत धरूनच केलेलं आहे. २००३ च्या रिकॉल (गव्हर्नरला मुदतीआधी हटवायच्या) निवडणुकीत १३५ उमेदवार होते, कल्पना करा.

रारीटनकाठी:
नको. करवत नाही.

हडसनपलीकडे:
फ्लोरिडा २००० कसं कुणी काढलं नाही अजून? बटरफ्लाय बॅलट?

रारीटनकाठी:
काढणार होतो, पण ती नोव्हेंबरची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, प्रायमरी नव्हे. तरी बोलूच. पाम बीच काउंटीच्या अधिकारी थेरेसा लपोर यांनी दहा उमेदवारांची नावं वयस्कर मतदारांना वाचता यावीत म्हणून अक्षर मोठं केलं. मोठं केल्यावर यादी एका पानात मावेना, म्हणून समोरासमोर दोन पानांवर, मधे मत टोचायची भोकं. डावीकडे डेमोक्रॅट गोर दुसरे, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजवीकडच्या, छोट्या पक्षाच्या ब्यूकॅननचं. ब्यूकॅननला त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली आणि बुश राज्यात जिंकले ५३७ ने. हेतू चांगला होता, एवढंच मी त्या बाईंच्या बाजूने म्हणेन. मतदारासमोर पत्रिका ठेवून आधी तपासली असती तर पहिल्या दहा माणसांतच लक्षात आलं असतं.

त्याच राज्यात ब्रॉवर्ड काउंटीत २०१८ ला सिनेटची लढत डाव्या रकान्यात, लांबलचक सूचनांच्या खाली तळाशी गेली. हजारो लोकांनी ती पाहिलीच नाही, सरळ उजवीकडे सरकले. राज्यातलं मताधिक्य होतं १०,०३३. सूचना वाचायच्या नसतात हे मतदाराला पक्कं ठाऊक असतं, मांडणी करणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

मोहरी_फोडणी:
माझा प्रश्न कधीपासून मनात आहे. आमच्या मिडलसेक्स काउंटीत पत्रिका गुजरातीत मिळते. एडिसनमध्ये मराठी काय कमी आहेत? दिवाळीला निम्मं मंडळ इथलंच असतं. मग मराठी का नाही? आणि हिंदी तरी?

रारीटनकाठी:
ताई, हे संख्येवर नाही, इंग्रजी न येण्यावर आहे. मतदान हक्क कायद्याचं कलम २०३, १९७५ ला जोडलेलं. काउंटीत एका भाषिक गटाचे १० हजारांहून जास्त किंवा पाच टक्क्यांहून जास्त मतदानवयाचे नागरिक असे हवेत ज्यांना इंग्रजी नीट येत नाही, वर त्या गटातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त हवं. जनगणना खातं यादी काढतं. डिसेंबर २०२१ च्या यादीत मिडलसेक्स 'एशियन इंडियन' या गटाखाली आली. खातं फक्त गट सांगतं. भाषा कुठली ते काउंटीने इथल्या लोकांकडून ठरवायचं. इथे गुजराती ठरली, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी.

आपली बहुतेक मंडळी एच-वनवर आली, इंग्रजीतच नोकऱ्या करतात. गरज मुलांमागून आलेल्या, मग नागरिक झालेल्या आजी-आजोबांना. त्यात गुजराती कुटुंबं खूप आधीपासूनची आणि दुकानदारीतली, त्यांची आजी मतदार आहे. आपली आजी सहा महिने राहून परत जाते.

मोहरी_फोडणी:
पटलं, आणि थोडं टोचलं पण. माझ्या सासूबाई नागरिक आहेत बरं का. त्या नमुना पत्रिका गुजरातीत वाचतात, जमतं त्यांना, लिपी बरीचशी सारखी वाटते म्हणतात.

सातारकर_मी:
सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे इंग्रजी येणारेसुद्धा फक्त चिन्ह बघतात.

हडसनपलीकडे:
एक व्यावहारिक सूचना, सगळ्यांसाठी. टपाली मत देत असाल तर आतल्या पाकिटाला जोडलेलं प्रमाणपत्र फाडून काढू नका आणि त्यावर सही विसरू नका. मोजणीच्या वेळी बाद होणाऱ्या पत्रिकांत हे दर वेळी दिसतं. आणि ज्यांनी पक्ष नोंदवलेला नाही त्यांना प्रायमरीची टपाली पत्रिका आपोआप येत नाही, आधी पक्ष कळवावा लागतो. पक्ष बदलायचा असेल तर मतदानाच्या ५५ दिवस आधी.

रारीटनकाठी:
+१. या बाबतीत आपलं एकमत. आणि लंबगोल पूर्ण भरा. टिकमार्क, फुली, नावाभोवती गोल, असलं काही नको.

नुसता_वाचक:
एक विचारू का? मतदान केंद्रावर काम करायचं असेल तर? मी ग्रीन कार्डवर आहे.

रारीटनकाठी:
मग नाही जमणार, न्यू जर्सीत नोंदणीकृत मतदार असावं लागतं. घरात इथे जन्मलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं असतील तर त्यांना मात्र घेतात. काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे अर्ज करायचा, छोटं प्रशिक्षण असतं, कामाचे पैसेही मिळतात.

नुसता_वाचक:
थोरली सोळाची आहे. पहाटे उठावं लागतं का?

रारीटनकाठी:
सहाला केंद्र उघडतं, त्याच्या आधी पोचावं लागतं. रात्री आठला बंद.

नुसता_वाचक:
मग धाकट्याला विचारतो, दोन वर्षांनी.